न्यायालय उठेपर्यंत

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. गुजरातचे तेव्हाचे गृहराज्यमंत्री हर्ष संघवी यांनी सुरतेतल्या एका कार्यक्रमात जाहीर केलं, की सणाच्या दिवसांत, म्हणजे २७ ऑक्टोबरपर्यंत, राज्यातले वाहतूक पोलीस नियम मोडणाऱ्याकडून दंड घेणार नाहीत. कोणी हेल्मेट विसरला, कोणी सिग्नल तोडला, तर पोलीस त्याला फूल देतील आणि समजावून सांगतील. देशभर या बातमीची चर्चा झाली. कोणी कौतुक केलं, कोणी डोक्याला हात लावला.

याच राज्याने तीन वर्षांपूर्वी आणखी एक सवलत दिली होती. केंद्राचा सुधारित मोटार वाहन कायदा १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आला आणि दंड एकदम वाढले. दहा दिवसांच्या आत गुजरात सरकारने त्यातले बरेचसे कमी केल्याचं जाहीर केलं. हेल्मेटचा हजाराचा दंड पाचशेवर आला, सीटबेल्टचाही तसाच. गुजरातला हसण्याचा अधिकार आपल्याला मात्र फारसा नाही. आपल्या गोव्यात वाढीव दंड लागू व्हायला १ एप्रिल २०२२ उजाडला. आधी रस्ते नीट करा, मग दंड वाढवा, असा आपला युक्तिवाद होता. त्यात तथ्यही होतं म्हणा. पण खड्ड्याचा आणि उलट्या दिशेने गाडी घालण्याचा संबंध काय, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

असो. दंड किती असावा हा आजचा विषय नव्हे. विषय आहे तो या सगळ्या सवलतींच्या मुळाशी असलेल्या एका वाक्याचा. ‘पहिल्यांदाच झालं ना, सोडून द्या!’ हे वाक्य आपण मुलांच्या बाबतीत म्हणतो, शेजाऱ्याच्या बाबतीत म्हणतो, आणि गाडीच्या बाबतीत तर हमखास म्हणतो. ऐकायला ते दयाळू वाटतं. पण सोडून देणं आणि क्षमा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा करायची तर आधी काय घडलं ते ऐकून घ्यावं लागतं. सोडून द्यायला काहीच ऐकावं लागत नाही.

हा फरक माझ्या डोक्यात पक्का बसला तो सुरतेमुळेच.

माझा भाचा नोकरीनिमित्त दोन वर्षं सुरतेत आहे. मराठी माणसाला सुरत म्हटलं की १६६४ आणि १६७० एवढंच आठवतं. पण आजच्या सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत हिंडलं तर खानदेशातल्या एखाद्या गावात आल्यासारखं वाटतं. भुसावळ-नंदुरबारकडून येणाऱ्या रेल्वेने पिढ्यान् पिढ्या माणसं तिथल्या मागांवर आणि गिरण्यांत कामाला गेली आणि तिथलीच झाली. महापालिका तिथे मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. तर अशा त्या शहरात आमचा हा पोरगा रमला. गुजराती त्याला समजू लागलं, मोडकंतोडकं बोलताही येऊ लागलं.

२०२४ च्या नवरात्रात एका रात्री कामावरून परतताना त्याने उड्डाणपुलाखालून दुचाकी उलट्या दिशेने घातली. वळसा घ्यायचा तर दीड किलोमीटर पुढे जावं लागतं, आणि उलट्या दिशेने दोनशे मीटर. आपल्याकडे म्हापशात, मडगावात रोज शेकडो लोक जे करतात तेच. पुढे पोलीस उभे होते. सुरतेत त्या वर्षी वाहतुकीच्या शिस्तीची मोहीम जोरात होती. पावती फाडून विषय संपला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवल्याबद्दल, रीतसर गुन्हा नोंदला गेला. हे कलम १ जुलै २०२४ पासून आलं. त्याआधी भारतीय दंड संहितेचं २७९ होतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे पोरगा त्याच रात्री सुटला. काही महिन्यांनी न्यायालयाचं समन्स आलं.

इथून आमच्या घरात जे सुरू झालं ते तुमच्याही घरात झालं असतं. बहिणीचा फोन. “दादा, तुझी कोणाची ओळख आहे का रे तिकडे? सरकारी माणसांची सरकारी माणसांत ओळख असते म्हणतात.” मी सरकारी कचेरीत कारकून आहे. माझी ओळख खिडकीच्या पलीकडे रांगेत उभ्या असलेल्या लोकांशी. भावोजींचं म्हणणं, वकिलाला सांगून प्रकरण मिटवून टाकावं, काय होईल तो खर्च होऊ दे. आणखी एका नातेवाइकाचा सल्ला तर असा, की जायचंच नाही. गुजरातचं समन्स, पोरगा उद्या नोकरी बदलून गोव्यात येईल, कोण शोधत येणार आहे?

यातला शेवटचा सल्ला सर्वांत वाईट, आणि तोच सर्वांत जास्त दिला जातो. जामिनावर सुटलेला माणूस पुरेशा कारणाशिवाय न्यायालयात हजर राहिला नाही, तर तोच एक वेगळा गुन्हा ठरतो आणि त्याची शिक्षा मूळ गुन्ह्यापेक्षा जास्त, एक वर्षापर्यंत कैद. समन्सनंतर वॉरंट निघू शकतं. म्हणजे दोनशे मीटर वाचवायला गेलेला माणूस आयुष्याचा केवढा वळसा घालून घेतो पाहा.

आपल्या गोंयकाराच्या जिव्हाळ्याची बाब म्हणजे पासपोर्ट. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातला एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. कलम ६ प्रमाणे, गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. उलट्या दिशेने गाडी चालवून झालेला दंड त्यात कुठेच बसत नाही. पण त्याच कलमात असंही आहे, की भारतातल्या फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तरीही पासपोर्ट नाकारता येतो. मग १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते. याचा अर्थ काय झाला? निकाल लागलेला छोटा गुन्हा वाट अडवत नाही. टाळलेली सुनावणी अडवते.

नोकरीचंही तेच. माझ्या टेबलावरून आजवर कितीतरी साक्षांकन अर्ज गेले. त्यात एक रकाना असतो : तुम्हाला कधी अटक झाली होती का, खटला भरला गेला होता का, शिक्षा झाली होती का. तो रकाना भरताना माणसाचा हात थबकतो, आणि बहुतेकदा ‘नाही’ असंच लिहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात या रकान्याबद्दल सविस्तर सांगितलं आहे. माहिती खरीच द्यायला हवी. गुन्हा क्षुल्लक असेल आणि तो लपवला गेला असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करायचं की नाही हा नेमणूक करणाऱ्याच्या विवेकाचा भाग. पण जाणूनबुजून लपवाछपवी केली, तर ती उमेदवाराला चांगलीच महागात पडू शकते. आपण घाबरतो गुन्ह्याच्या डागाला, आणि तो झाकायला जो रंग लावतो त्याचाच मोठा डाग पडतो.

म्हणून मी बहिणीला सांगितलं, पोराला जाऊ दे. वकील घेऊ दे, जरूर घेऊ दे. आपण केलं नाही ते कबूल करू नये आणि केलं ते नाकारू नये. खर्च झेपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, कोठडीत असलेल्यांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो, हेही इथे सांगून ठेवतो. आमच्या पोराला त्याची गरज नव्हती. पण ज्याला आहे त्याला बहुधा ते ठाऊकच नसतं.

२०२५ च्या उन्हाळ्यात तो हजर झाला. ठरलेली वेळ सकाळची, पुकारा झाला दुपारी. अशा खटल्यात आरोपीला गुन्ह्याचा तपशील सांगायचा आणि कबूल आहे का, की काही बचाव मांडायचा आहे, हे विचारायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २७४ सांगतं. तसं न्यायाधीशांनी विचारलं. कारकुनाने गुजरातीत वाचलं, न्यायाधीशांनी हिंदीत पुन्हा सांगितलं : अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने, माणसांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने तू वाहन चालवलंस. मान्य आहे? तो म्हणाला, हो.

शिक्षा झाली ती पाचशे रुपये दंड आणि न्यायालय उठेपर्यंत कैद. ही दुसरी शिक्षा अनेकांना माहीत नसते. तुरुंग नाही, बेड्या नाहीत. संध्याकाळी न्यायाधीश उठेपर्यंत त्याच दालनात बसून राहायचं, एवढंच. ऐकून आमच्या घरात हसू आलं. भावोजी म्हणाले, ही कसली शिक्षा, ही तर शाळेतली अंगठे धरायची गंमत!

पण पोरगा हसला नाही. त्या रात्री तो माझ्याशी बराच वेळ बोलला. त्याच्या प्रकरणानंतर त्याच दालनात दुसरं प्रकरण पुकारलं गेलं. जुनं, निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यू घडवल्याचं. साक्षीला मृताचा भाऊ आला होता. वकील त्याला विचारत होते, गाडी कोणत्या बाजूने आली, उजेड किती होता, तुम्ही किती अंतरावर होता. तो माणूस उत्तरं देता देता मध्येच थांबे, आणि सगळं दालन वाट पाहत बसे. आरोपी आमच्या पोराच्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. त्याचाही तो पहिलाच गुन्हा होता. “मामा,” पोरगा म्हणाला, “त्याच्यात आणि माझ्यात एवढाच फरक आहे की माझ्या समोरून त्या वेळी कोणी आलं नाही.”

पाचशे रुपयांत त्याला हे कळलं नसतं. रस्त्यावर फूल मिळालं असतं तरी कळलं नसतं. कळलं ते त्याला तिथे बसवलं गेलं म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिल्या गुन्ह्याची सुनावणी ही समाजाला लाभणारी सर्वांत स्वस्त संधी असते. नुकसान झालेलं नसतं, माणूस सुधारण्याच्या वयात असतो, आणि कायद्याचा हात हलका असतो. ती संधी वाया घालवली तर पुढे काय होतं, हे गुजरातनेच पाहिलं आहे. २० जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर अहमदाबादच्या इस्कॉन उड्डाणपुलावर एका भरधाव मोटारीने अपघातस्थळी जमलेल्या लोकांना उडवलं. नऊ माणसं गेली, त्यांत कर्तव्यावर असलेले पोलीसही होते. पुढे उघडकीला आलं, की त्याच तरुणावर त्याच महिन्यात एका उपाहारगृहावर गाडी घातल्याचाही आरोप आहे. त्या वेळी तक्रार झाली नव्हती. आधीच्या प्रकरणाची फिर्याद नोंदली गेली ती नऊ जण गेल्यावर. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. पण पहिल्या घटनेनंतर त्याला कोणी ‘हे तू केलंस, मान्य आहे?’ असं विचारलं असतं तर, हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

आणि पुण्याचं प्रकरण तर आपण मराठी वाचकांनी दिवसेंदिवस वाचलं. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि आरोपी अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला. अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. त्या निबंधावर सगळा महाराष्ट्र संतापला, विनोदही झाले. मला निबंधाचं तेवढं वाईट वाटत नाही. शब्द लिहायला लावणं ही काही वाईट कल्पना नव्हे. वाईट हे, की मेलेल्यांच्या घरच्यांचा एक शब्दही ऐकण्याआधी लिहिण्याचे शब्द मोजले गेले.

आता यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मी माझ्या खिडकीतून रोज पाहतो. न्यायालयात फेरी मारणं गरिबाला परवडत नाही. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो, एकाच्या तीन तारखा होतात. दंडापेक्षा फेऱ्याच महाग. श्रीमंताचा वकील जातो, गरीब स्वतः जातो. शिवाय न्यायालयांवर आधीच ओझं केवढं! हे सगळं खरं आहे. म्हणूनच प्रत्येक हेल्मेटसाठी माणसाला कोर्टात उभं करा, असं मी म्हणत नाही. किरकोळ गुन्ह्यांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये तडजोडीची सोय आहे, ती असावीच. पण २०१९ च्या सुधारणेने त्याच कलमात दोन गोष्टी घातल्या, त्या आपण वाचत नाही. एक, तडजोडीने दंड भरला तरी पुढचा गुन्हा दुसरा ठरवताना हा पहिला म्हणून मोजला जातो. दोन, राज्य सरकार दंडाबरोबर समाजसेवाही करायला लावू शकतं. म्हणजे कायद्याला पैसे घेऊन विसरून जायचं नाही. विसरायची घाई आपल्याला असते. आणि दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा तर या तडजोडीच्या यादीतच नाही. तिथे पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

पहिल्यांदा चुकलेल्या माणसासाठी आपल्याकडे एक फार समंजस कायदा १९५८ पासून आहे, गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम. आधी दोषी ठरलेला नसलेला माणूस दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सापडला, तर न्यायालय त्याला समज देऊन सोडू शकतं. गुन्ह्याचं स्वरूप पाहून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावरही सोडू शकतं. आणि अशा माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असं त्याचं कलम १२ म्हणतं. आमच्या पोराच्या वकिलाने ही विनंती केली होती. न्यायाधीशांनी मान्य केली नाही, तो त्यांचा अधिकार. पण पाहा, हा दयेचा दरवाजाही न्यायालयाच्या आतच आहे. बाहेरून मिटवून टाकणाऱ्याला तो सापडणार कसा?

आपल्या गोव्यात अडचण वेगळी आहे. राज्य एवढं लहान की प्रत्येकाची कोणाशी ना कोणाशी ओळख निघतेच. पोलीस गाववाला, वकील वर्गमित्र, आमदार तर लग्नाला येऊन जेवून गेलेला. ओळख ही आपली श्रीमंती आहे, अडीअडचणीला तीच धावते. पण रस्त्यावरच्या पहिल्या गुन्ह्यात तीच ओळख पोराच्या आणि त्याच्या कृत्याच्या मध्ये उभी राहते. ६ ऑगस्ट २०२३ ला बाणस्तारीच्या पुलावर तिघांचा जीव गेला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, आणि बरोबरच उतरले. पण दुसऱ्याच्या पोराला शिक्षा व्हावी म्हणून रस्त्यावर उतरणारे आपण, आपल्या पोराला हवालदाराने अडवला की खिशातून मोबाईल काढतो. दोन्ही माणसं एकच आहेत.

सुरतेत आमच्या पोराला कोणी ओळखत नव्हतं. त्याचा मामा कोण, वडील कोण, घर कुठल्या वाड्यावर, याची तिथे कोणाला फिकीर नव्हती. त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि तो एकटा पुढे गेला. परका मुलूख होता म्हणून त्याला न्याय मिळाला, असं मी म्हणणार नाही. पण परक्या मुलखात त्याला स्वतःच्या पायावर उभं राहून ‘हो’ म्हणावं लागलं, हे खरं. हे त्याला आपल्याच गावात, ओळखीच्या माणसांसमोर म्हणता यायला हवं होतं. तिथे ते जास्त जड गेलं असतं, आणि जास्त टिकलं असतं.

तेव्हा तुमच्या घरी असं समन्स आलं, तर आधी फोन फिरवू नका. कागद नीट वाचा, तारीख लिहून ठेवा, वकिलाला भेटा, आणि पोराबरोबर जा. आत गेल्यावर मात्र उत्तर त्यालाच देऊ द्या.